कळवा, मुंब्रा, दिवा

परवा दुपारी भाचीचा मेसेज आला. ‘मावशी, हल्ली वाचलेल्यातली पाच चांगली पुस्तकं सांग ना. पटकन.’ पाच, आणि पटकन. वाण्याकडे यादी टाकावी तसं. मी हातातलं पुस्तक पालथं घातलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि नुसतीच बसून राहिले.

नोकरी होती तोवर माझ्याकडे याचं पक्कं माप होतं. ऑफिस फोर्टात, घर ठाण्याच्या नौपाड्यात. संध्याकाळी बोरीबंदरला स्लो लोकल पकडायची, खिडकी मिळाली तर देव पावला, आणि पुस्तक उघडायचं. ठाण्याला उतरले तर पुस्तक बरं. नादात एक स्टेशन पुढे, कळव्याला उतरले तर चांगलं. मुंब्रा म्हणजे फारच चांगलं. दिव्यापर्यंत जायला पुस्तक तर जबरदस्त लागतंच, शिवाय आदल्या रात्रीची झोपही अर्धवट लागते. पण तो हिशेब मी कधी धरला नाही.

माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ कळव्याची. तो पोरगेला मास्तर माळावरून वाडीकडे चालत निघतो आणि आपण त्याच्या पाठोपाठ. १९५५ सालचं पुस्तक, हातात सहज मावणारं, पण वाडी ओस पडायला लागते तेव्हा पानं उलटवत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मुंब्र्याची. ती मात्र बायकांच्या डब्यात वाचू नयेत. वडिलांचं ते सोवळं, नवऱ्याचं, म्हणजे ना. वा. टिळकांचं, रागावून घर सोडून जाणं, आणि हे सगळं सांगताना बाईंच्या कपाळावर एक आठी नाही. मी एकटीच फिसफिस हसत होते, तर समोर मटार सोलणारी बाई पिशवी घेऊन दोन बोटं पलीकडे सरकली.

एक अडचण होती. आमच्या ग्रुपमधल्या बायका फार प्रेमळ. मुलुंड गेलं की कुणीतरी गुडघ्यावर थाप मारायचीच, ‘अगं, ठाणं आलं, ऊठ.’ अशाने कितीतरी पुस्तकांवर अन्याय झाला असेल.

सगळ्यात लांब मला नेलं ते विष्णुभट गोडसे यांनी. शनिवारचा अर्धा दिवस होता, दुपारची वेळ, आणि ‘माझा प्रवास’ हातात घेऊन मी न बघता फास्ट गाडीत शिरले. आपल्या पेणजवळच्या वरसईचा हा कर्जबाजारी भिक्षुक. चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ मध्ये उत्तरेकडे निघतो आणि नेमका बंडात सापडतो. माणसाच्या नशिबाची कमाल बघा! गोरे झाशीत शिरले होते, भटजी जीव मुठीत धरून लपले होते, आणि एकदम पानावरची अक्षरंच गेली. दिवसाची वेळ म्हणून डब्यातले दिवे बंद होते. क्षणभर मला खरंच वाटलं, आपणही लपलोय. मग उजेड आला आणि कळलं की पारसिकचा बोगदा झाला. तेव्हा फास्ट गाड्या बोगद्यातूनच जायच्या. म्हणजे ठाणंही गेलं, कळवाही गेलं, आता थेट डोंबिवली. पास ठाण्यापर्यंतचाच. डोंबिवलीच्या पुलावर टीसीने पकडलं आणि दंडाची पावती फाडली. ती अजून त्याच पुस्तकात खूण म्हणून आहे, झाशीच्या पानावर. शाई पार उडालीय.

तरी मी कल्याणपर्यंत जायला हवं होतं. भटजींची ती वही पुढे १९०७ मध्ये छापून आणली ती कल्याणच्याच चिंतामणराव वैद्यांनी. एवढं मिळवलेलं लुटलं जातं आणि हा माणूस खांद्यावर गंगेची कावड घेऊन चालत घरी येतो. आम्हाला डोंबिवलीहून उलट्या गाडीने ठाण्याला यायचं तर केवढं जिवावर येतं.

खरं तर ठाणं हे चुकवायचं स्टेशनच नव्हे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच थांबली, कारण पुढे रूळच नव्हते. त्या गाडीत कुणी वाचत बसलं असेल तर बिचाऱ्याला आपलं पुस्तक कसं होतं ते कधीच कळलं नसणार.

मला ही सवय लागली ती गाडीत नाही, रस्त्यावर. दर रविवारी बाबा मला मराठी ग्रंथ संग्रहालयात न्यायचे. १८९३ सालचं ते, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भाव्यांनी उभं केलेलं, असं बाबा दर रविवारी नव्याने सांगायचे. मला कौतुक फास्टर फेणेचं. घरी जाईपर्यंत धीर नसायचा. मग एका हातात पुस्तक उघडं, दुसऱ्या हातात बाबांच्या शर्टाचं टोक, आणि तलावपाळीने आमची वरात. ते चालतील तसं मी चालायचं, ते थांबले की मी त्यांच्या पाठीवर आपटायचं. एका रविवारी भेळेच्या गाडीपाशी गर्दी होती. माझा हात सुटला असावा आणि मी तो परत धरला असावा. बरंच चालल्यावर कोथिंबिरीचा वास आला, म्हणून मान वर केली तर जांभळी नाका, आणि माझ्या हातात कुणा भलत्याच गृहस्थाचा शर्ट. त्यांनी विचारलं, ‘कुणाची गं तू?’ मी म्हणे त्यांना म्हटलं, ‘एवढं पान संपू दे.’ असं बाबा सांगायचे. मला फक्त कोथिंबीर आठवते.

नोकरी लागल्यावर उशीर झाला की बाबा गॅलरीत उभे असायचे. काळजीबिळजी दाखवायची नाही. मी चप्पल काढते तोच, ‘आज कुठपर्यंत?’ मी ‘ठाणं’ म्हटलं की ‘बरं’ म्हणून पेपरात डोकं. ‘मुंब्रा’ म्हटलं की रात्री ते पुस्तक त्यांच्या उशाशी. दुसरं काही विचारायचे नाहीत, विषय काय, लेखक कोण, काहीच नाही.

आता निवृत्त झाले आणि माप गेलं. नंदा खरे यांचं ‘उद्या’ घरीच वाचलं. या कादंबरीला २०२० चा साहित्य अकादमी जाहीर झाला आणि त्यांनी तो घेतला नाही. त्यातलं ते सतत पाळत ठेवणारं जग वाचून मी फोन आतल्या खोलीत नेऊन ठेवला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले. डाळ करपली. पण हे माप खरं नाही. कुकर मी टीव्हीपुढे बसूनही जाळलेला आहे.

म्हणून काल मुद्दाम प्रयोग केला. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ पर्समध्ये टाकलं आणि काही काम नसताना बोरीबंदरला जाऊन आले. १९३९ ची ही लहानशी कादंबरी, सगळी बोटीवरची, हॅर्टा नावाच्या ज्यू तरुणीची. येताना खिडकीही मिळाली. भांडुपपर्यंत मी बोटीवरच होते. मग डब्यातल्या घोषणेतली ती बाई बोलली, ‘पुढील स्टेशन, ठाणे’, आणि मी मुकाट्याने उठून दाराशी गेले. गुडघ्यावर थाप मारणारं कुणी नव्हतं तरी.

पुस्तक वाईट नाही हो. चांगलंच आहे.

घरी आले. कुलूप काढलं, दिवा लावला, गॅलरीचं दार उघडलं आणि तिथेच उभ्या उभ्या उरलेली पानं वाचली. भाचीला नावं पाठवायची राहिलीच.