तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन ट्रक का घेत नाही

"एवढ्या पैशात नवीन ट्रक आला असता की, त्याच एकाला किती दिवस खोलत बसणार?" माझ्या रिमोट कंट्रोल ट्रकबद्दल दर दोन-चार आठवड्यांनी कोणीतरी हे विचारतंच आणि मी विषय बदलतो. आज सांगूनच टाकतो.

पैशांचं तुमचं बरोबर आहे. साधी ब्रश मोटर काढून जास्त ताकदीची ब्रशलेस टाकली, मग टू-एस (दोन सेलची) बॅटरी मिळमिळीत वाटायला लागली म्हणून थ्री-एस (तीन सेलची), म्हणजे 7.4 व्होल्टवरून थेट 11.1. चाकं फिरवणारे प्लास्टिकचे ड्राइव्हशाफ्ट पिळवटून तुटले, ते स्टीलचे केले तर डिफचे, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचे, दात गेले. एक पक्कं केलं की त्याच्या पुढचं तुटतं, हे दिसत होतं तरी मी पुढचे सस्पेन्शन आर्मही (चाकं धरणारे हात) ॲल्युमिनियमचे केले. प्लास्टिक म्हणजे खेळणं, असं तेव्हा चार जणांना ठासून सांगितलंय मी.

त्या दिवशी रिमोट भाच्याच्या हातात होता. नऊ वर्षांचा आहे तो. वळताना डावं चाक दगडावर आदळलं, फार जोरात नाही, खरंच नाही, आणि गाडी एका बाजूला बसली. मी धावत जाऊन उचलली. आर्मवर साधा ओरखडा नाही, पण आर्म ज्यात बसतो तो बल्कहेड, म्हणजे पुढचा प्लास्टिकचा सांगाडा, पिनच्या भोकापासून उभा चिरलेला, आणि स्क्रूभोवतीचं प्लास्टिक ताणून पांढरं पडलेलं. मी तिथल्या तिथे त्याच्यावर ओरडलो. "मामा, मी हळूच चालवत होतो," एवढंच म्हणाला आणि रिमोट खाली ठेवला, बंदसुद्धा न करता. रात्री बंपर, शॉक टॉवर, डिफ, सगळं उतरवताना कळलं की तो खरं बोलत होता. नायलॉनचा आर्म वाकला असता, थोडा धक्का त्याने खाल्ला असता, फार तर स्वतः तुटला असता, थोडक्यात बदलून झालं असतं. माझ्या आर्मने सगळा धक्का आत पोचवला.

दुसऱ्या दिवशी फोन करून सॉरी म्हणालो. "ठीक आहे मामा" म्हणाला. पण त्यानंतर रिमोटला हात लावलेला नाही त्याने.

म्हणून नवीन घेत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला हे काम आधीपासून आवडतं. बेअरिंग बोटावर फिरवून बघायचं, खरखर लागली की बदलायचं, पिनियन आणि स्पर या दोन गिअरमध्ये कागदाची पट्टी धरून मेश, म्हणजे दातांमधलं अंतर, लावायचा, धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावायचं, प्लास्टिकमधल्याला अजिबात नाही. बॅटरी ठेवून द्यायची तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर आणून. नवीन ट्रकलाही हे सगळं करावंच लागणार, फक्त हा कुठे आणि का तुटतो ते मला माहितीये आणि त्याचं कळायला अजून दोन वर्षं जातील.

नायलॉनचे आर्म परत बसवलेत. स्टीलचे शाफ्ट मात्र ठेवलेत, आणि थ्री-एस सोडवत नाही, मग मी नक्की काय शिकलो असं विचारलंत तर उत्तर नाही माझ्याकडे. भाचा पुढच्या महिन्यात येतोय. जुनी टू-एस बॅटरी शोधून काढली आहे, फुगलेली नाही अजून.