अँजिओग्राफी नॉर्मल आली, तरी छातीत दुखतच होतं

अँजिओग्राफीचा रिपोर्ट आला तेव्हा घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला. एकही ब्लॉकेज नाही. मी मात्र रडत होते, कारण छातीतलं दडपण तसंच होतं. दोन जिने चढले की जबड्यापर्यंत कळ जायची आणि बसल्यावरही वीस-पंचवीस मिनिटं हटायची नाही. ‘पाळी गेल्यावर असं होतं, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून मला ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन वर्षं त्या घेतल्या. त्याचा मला अजूनही राग येतो.

मग एका डॉक्टर मॅडमनी माझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझीच जुनी सीडी लावून त्यांनी दाखवलं, की अँजिओग्राफीत दिसतात त्या मोठ्या रक्तवाहिन्या. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असलेल्या त्यात दिसतच नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला किती रक्त सोडायचं ते मुख्यतः त्याच ठरवतात. श्रम पडले की त्या सैलावल्या पाहिजेत. सैलावल्या नाहीत, किंवा उलट आकसल्या, तर मोठी वाहिनी मोकळी असूनही स्नायूला रक्त कमी पडतं.

तपासणी मनगटातूनच झाली. टोकाशी सेन्सर असलेली बारीक तार आत घातली, खोलीच्या तापमानाचं सलाईन थोडं थोडं तीनदा सोडलं आणि ते सेन्सरपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते मोजलं. मग या बारीक वाहिन्या सैल करणारं औषध, ॲडेनोसिन, सुरू केलं. आधी सांगितलं होतं, तरी मी घाबरले. छातीवर कुणी बसल्यासारखं, चेहरा तापलेला, श्वास पुरेना. सिस्टरांनी हात घट्ट धरला. “बंद केलं की मिनिटभरात जाईल हं, ताई.” तसंच झालं. त्या औषधाच्या अंमलाखाली सलाईनची मोजणी पुन्हा तीनदा.

विश्रांतीच्या मानाने रक्तप्रवाह किती पट वाढतो तो आकडा म्हणजे सीएफआर. तो निदान २ हवा, माझा १.६. बारीक वाहिन्यांमधला अडथळा सांगणारा आयएमआर २५ च्या आत हवा, माझा ३४. मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना, म्हणजे हृदयाच्या या बारीक वाहिन्यांमुळे होणारं छातीचं दुखणं. टेबलावर पडल्या पडल्याच मी मॅडमना तो शब्द पुन्हा उच्चारायला लावला.

बीटा ब्लॉकर आणि स्टॅटिन सुरू आहे, चालणं हळूहळू वाढवलंय. दोन जिने आता न थांबता चढते. थंडीच्या पहाटे मात्र अजून दुखतं. कुठेही दाखवायला गेले तर तो आकड्यांचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावते, अँजिओग्राफीचा रिपोर्ट त्याच्याखाली.