व्हय म्हाराजा!

आमच्या कोकणातल्या गावच्या मुंबईकर ग्रामस्थ मंडळाची पूजा दरवर्षी 26 जानेवारीला, परळमधल्या एका शाळेच्या हॉलात. पत्रिकेवर हळदीकुंकू, दहावीच्या पोरांचा सत्कार, रात्री दशावतार असं बरंच काही छापलेलं असायचं. आम्ही पोरं मात्र ताटकळायचो गाऱ्हाण्यासाठी, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने घातलेल्या साकड्यासाठी.

घाडीकाका गिरणीत साचेखात्यात. इतर दिवशी बोलायला सांगितलं तर 'हां, हूं' करणारा माणूस. त्या दिवशी डोक्यावर टोपी, ओंजळीत नारळ आणि पानाचा विडा. हात अडकलेले, म्हणून सेक्रेटरी माईक त्यांच्या तोंडापुढे धरून उभा.

"बा देवा रवळनाथा, आई सातेरी, बारा-पाचाच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण वाकड्या नजरेन बघीत, तेका सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पत्र्याचं छप्पर थरथरायचं. काका मग एकेकाचं दुखणं घ्यायचे. कुणाची खोली भावाने बळकावलेली, कुणाचं लग्न अडलेलं. ज्याच्याविरुद्ध तक्रार तो तिसऱ्या रांगेत बसलेला असायचा आणि त्यालाही 'व्हय' म्हणावंच लागायचं. माझ्या मते गाऱ्हाण्याची खरी गंमत तीच.

1982 साली गिरण्यांचा संप सुरू झाला 18 जानेवारीला आणि आठ दिवसांनी आमची पूजा. "गिरणीचो भोंगो परत वाजू दे रे म्हाराजा" म्हणताना काकांचा आवाज फुटला. तेवढा मोठा 'व्हय' पुन्हा कधी ऐकला नाही. त्या गाऱ्हाण्याचा निकाल काही लागला नाही.

नंतरच्या एका पूजेत मंडळाच्या हिशेबात 240 रुपयांची तूट निघाली. खजिनदार आणि हिशेब तपासनीस एका गाळ्यात राहणारे, एका ताटात जेवलेले. ते हमरीतुमरीवर आले. शेवटी कुणीतरी म्हणालं, "दसऱ्याक देवाक विचारूया."

मुंबईत गाऱ्हाणं घालता येतं, पण अवसार, म्हणजे माणसाच्या अंगात येणारा देव, गावातच यायचा. देवाचा कौलही तिथेच, पाषाणाला फुलांचे ओले कळे चिकटवायचे, उजवा पडला की होकार. आमच्याकडे या गोष्टी गमतीच्या नाहीत. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीखसुद्धा पंचांगात नसते, कौलानेच ठरते.

दसऱ्याला तरंगं निघाली. उंच खांब, त्यांना नेसवलेली रंगीत लुगडी. ढोल चढला तसा रवळनाथाचा तरंग धरणाऱ्याच्या पोटऱ्या आधी थरथरल्या, मग खांदे. रोज आमच्याकडे दूध घालणारा तो माणूस, पण आजीने त्याला हात जोडले, "बोल म्हाराजा." दोघांनी आपापली बाजू मांडली. तरंग बराच वेळ नुसता घुमत राहिला.

"एका ताटात जेवलात मां रे लेकरांनू? मगे अर्दे तू भर, अर्दे तू. आनि दोगांनी मिळान नारळ ठेवा."

मी तेव्हा कॉलेजात होतो, हसू दाबत उभा होतो. पैसे कुणी खाल्ले हे देवाने सांगितलंच नाही! आजीला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "तां इचारूक कोण इल्लो?"

याच अवसाराचा धाक घालून एकट्यादुकट्या बाईवर करणीचा आळ घेतल्याचंही मी ऐकलं आहे, आणि ते वाईटच. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अंगात शक्ती आल्याचं भासवून लोकांना भीती घालणं गुन्हा ठरवलं, तेव्हा मला बरंच वाटलं. आमच्या मंडळात त्यावर दोन तास वाद झाला. चहा संपला तेव्हा मिटला.

तर, पुढच्या 26 जानेवारीला अहवालवाचन. खजिनदार चष्मा सावरत जमेची बाजू वाचत होते. वर्गणी, देणग्या, दशावताराच्या तिकिटांची विक्री. मग त्याच आवाजात, "देवाच्या निकालाप्रमाणे जमा, रुपये 240." तपासनीसांची सही खाली होतीच. अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत?

मागून घाडीकाका ओरडले. सगळ्या हॉलाने साथ दिली. व्हय म्हाराजा!