लोयोला ते मानरेसा: संत इग्नेशियसच्या वाटेवर

ही वारी सुरू होते ती स्पेनच्या बास्क प्रदेशात, आस्पेतिया गावाजवळच्या एका दगडी वाड्यातून. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाचा किल्ला फ्रेंचांविरुद्ध लढवताना तोफेच्या गोळ्याने ज्यांचा पाय फुटला, त्या इनिगोंना (म्हणजेच पुढचे संत इग्नेशियस) इथेच आणलं होतं. हाड नीट जुळलं नाही म्हणून पाय पुन्हा मोडून बसवला. तरी गुडघ्याखाली उंचवटा राहिलाच. त्यावर दरबारी बूट चढणार नाही, एवढ्यासाठी त्यांनी ते हाड करवतीने कापून घेतलं, तेही भूल नसलेल्या काळात! पडल्या पडल्या वाचायला शूरांच्या कथा हव्या होत्या. घरात निघालं ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. त्या खोलीत आता छोटं प्रार्थनामंदिर आहे. 'इनिगो दे लोयोला इथे देवाला शरण गेला' असं तुळईवर लिहिलंय. मी तिथे गुडघे टेकले ते उठवेचना.

पुढे मानरेसापर्यंत सुमारे ६५० किलोमीटर. नारिंगी बाण बघत जायचं. सांतियागो या तीर्थक्षेत्राला जाणारे यात्रेकरू समोरून येतात, कारण ते पश्चिमेला चाललेले आणि आपण पूर्वेला. मोनेग्रोसच्या माळावर सावली म्हणून नाही. तिथे माझ्या टाचा सोलल्या, आणि संतांचा पाय सारखा डोळ्यांपुढे येत राहिला. ते खेचरावरून निघाले होते, तरी तो पाय रोज रात्री सुजायचा. वाटेत गोणपाटाचा झगा, काठी आणि चपलांचा जोड घेतला, पण चप्पल एकाच पायात घातली. त्याच पायाला पट्टी होती.

मोन्सेरातच्या डोंगरावरच्या मठात त्यांनी सगळ्या आयुष्याचं पापनिवेदन केलं. २४ मार्च १५२२ च्या रात्री अंगावरचे कपडे एका भिकाऱ्याला दिले, तलवार आणि खंजीर काळ्या मरियामातेच्या वेदीपाशी ठेवले आणि कधी उभे राहून, कधी गुडघ्यांवर रात्र जागवली. सरदारकी घेणाऱ्या योद्ध्याने शस्त्रांपाशी रात्र जागवायची, ही त्या काळची रीत. मला वाटतं, शिपाईगिरी तीच राहिली, धनी बदलला. तो भिकारी मात्र चोर समजून पकडला गेला. हे कळल्यावर इग्नेशियस रडले. त्यांच्या चरित्रातला हा प्रसंग मला सगळ्यांत जवळचा वाटतो.

मानरेसाला कार्दोनेर नदीवरची गुहा. काही दिवसांसाठी आलेले संत इथे जवळजवळ ११ महिने राहिले आणि आध्यात्मिक साधनेची टिपणं इथेच लिहू लागले. पुढे पॅरिसमध्ये त्यांच्या सहवासात घडलेले फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला आले. १६२२ मध्ये दोघांना एकाच दिवशी संतपद मिळालं. आम्हा वसईकरांच्या घराघरांत झेवियर असतात. त्यांच्या गुरूपाशी मी पहिल्यांदाच पोचलो होतो. 'घे प्रभू, माझं स्वातंत्र्य, माझी स्मृती, माझी बुद्धी, माझी सगळी इच्छा,' ही त्यांची प्रार्थना मी मराठीतून म्हटली. इथून ते लंगडत बार्सिलोना, रोम आणि १५२३ मध्ये जेरुसलेमला पोचले. शरीराने साथ दिली तर तीही वाट मला चालायची आहे.