तुम्ही विचारलंत म्हणून: प्रबंध लिहून कुणाच्या घरात उजेड पडतो?

मी अभियांत्रिकी शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत पालक हमखास विचारतात, "मॅडम, विद्यापीठातल्या त्या संशोधनाचा आमच्या रोजच्या जगण्याला काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला मी कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातलं पुरा हे लहानसं गाव घेते.

अमूल्य रेड्डी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले नावाजलेले विद्युत-रसायनशास्त्रज्ञ. १९७४मध्ये त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन 'अस्त्र' हा गट सुरू केला. विज्ञान खेड्याच्या गरजांना जोडायचं, हा त्याचा हेतू. उंग्रा गावी केंद्र उघडून त्यांनी आसपासच्या गावांत आधी मोजणी केली. सरपण किती जळतं, ते कोण आणतं, त्यात किती वेळ जातो, पाणी कुठून येतं. पुऱ्याच्या एकूण ऊर्जेत जवळजवळ नव्वद टक्के वाटा सरपणाचा निघाला. विजेचा वाटा नगण्य. घरोघरी जाऊन केलेली ही मोजणी मला प्रयोगशाळेतल्या कुठल्याही शोधाइतकीच मोलाची वाटते, कारण मोळी वाहणाऱ्या बाईचे तास तिच्यामुळे कागदावर आले.

मग गोबरगॅस. खादी ग्रामोद्योगाचं संयंत्र त्यांनी तपासून उथळ आणि रुंद केलं, तसा खर्च उतरला. पुऱ्यात आधी बेत होता स्वयंपाकाला गॅस पुरवण्याचा. पण सगळ्या चुली चालतील एवढं शेणच नव्हतं, आणि गावाची निकड होती पाण्याची. इथे संशोधकांनी आपला बेत बाजूला ठेवला, याचा मला फार आदर वाटतो. १९८७पासून तो गॅस डिझेल इंजिनात जाऊ लागला. थोडं डिझेल, बाकी गॅस. त्यावर जनित्र फिरे, विजेवर कूपनलिकेचं पाणी टाकीत चढे आणि तिथून नळाला येई. संध्याकाळी घरांत दिवे लागत.

तरी सगळ्यात अवघड गाठ यंत्रात नव्हतीच. पुऱ्यात शेण म्हणजे शेताचं खत. ते गॅससाठी दिलं तर शेतात काय घालायचं? शिवाय गुरं कुणाकडे आहेत, कुणाकडे नाहीत. म्हणून शेण वजन करून घेतलं जाई, आणून देण्याचे थोडे पैसे मिळत आणि गॅस निघाल्यावर उरलेली स्लरी वाळूच्या थरावर निथळून ज्याच्या-त्याच्या हिश्शाने परत जाई. नत्र शाबूत राहत असल्याने खत म्हणून ती चांगलीच. पाणी आणि दिवा मात्र गुरं नसलेल्या घरालाही मिळे.

हे सगळं शोधनिबंधांत छापलेलं आहे, किलो शेणाच्या हिशेबासकट. तुमची मुलगी उद्या अशा कामासाठी खेड्यात राहायला जाते म्हणाली, तर तिला जाऊ द्या.