बुद्ध्यांक ७८: रिपोर्टमध्ये आणखी काय हवं?

‘बुद्ध्यांक ७८’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट अर्धवट असतो. चाचणी कोणती, तिची मानकं (म्हणजे तुलनेसाठी धरलेले समवयस्क मुलांचे गुण) कधी आणि कोणत्या मुलांवरून काढली, चूक किती धरायची, हे कळल्याशिवाय ७८ चा अर्थ लागत नाही.

चूक किती धरायची, हा हिशेब सोपा आहे. आजच्या बहुतेक चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५ असतं. विश्वसनीयता (चाचणी पुन्हा घेतली तर गुण किती जुळतात ते, जास्तीत जास्त १) ०.९० असेल (आणि ती चांगलीच म्हणायची), तरी मापनाची प्रमाण त्रुटी (एका मोजणीत धरायची नेहमीची चूक) १५ × √(१ − ०.९०), म्हणजे सुमारे ४.७ गुण येते. ९५ टक्के खात्री हवी तर दोन्हीकडे ९ गुण सोडा: ७८ म्हणजे साधारण ६९ ते ८७.

मानकांकडे मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि खरा घोळ तिथेच असतो. बिने-कामत चाचणी घ्या. व्ही. व्ही. कामतांनी १९३४ च्या सुमारास फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. ती अजून वापरात आहे. समजा, आठ वर्षांच्या मुलाने सहाव्या वर्षाचे सगळे प्रश्न सोडवले, सातव्याच्या सहांपैकी चार, आठव्याचे दोन, नवव्याचा एकही नाही. प्रश्नाला दोन महिने धरून मानसिक वय सात वर्षं. ७ भागिले ८, गुणिले १००: ८८. सुटसुटीत आहे, पण या भागाकाराचा पसारा प्रत्येक वयात सारखा नसतो. सहाव्या वर्षीचे ७० आणि बाराव्या वर्षीचे ७० एकाच पायरीचे असतील असं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांनी १९३९ च्या चाचणीत भागाकार सोडून समवयस्कांशी तुलना धरली, तेव्हा ही अडचण सुटली.

शिवाय मानकं जुनी झाली की आकडा फुगतो. संशोधक जेम्स फ्लिन यांनी अमेरिकेत दाखवलेली सरासरी गुणांतली वाढ दशकाला सुमारे ३ गुणांची होती. मग मदतीची खरी गरज असलेलं मूल ७० च्या मर्यादेवर सरकतं आणि दिव्यांग प्रमाणपत्र अडतं.

चाचणी घेतानाही सूचना छापल्या तशाच वाचायच्या. ‘नीट बघ हं’ एवढं म्हटलं तरी तुलना बिघडते. घरी अहिराणी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतले शब्दार्थ विचारले, तर बरीचशी भाषाच मोजली जाते. अशा वेळी भाटियांच्या भारतीय कृती-चाचण्यांच्या संचातल्या ठोकळ्यांच्या नक्षीसारखी कृतीची चाचणी जोडावी. शाब्दिक आणि कृतीचे गुण फार लांब पडले, तर दोन्ही वेगळे लिहावेत. त्यांची सरासरी त्या मुलाबद्दल फारसं काही सांगत नाही.