तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिंटेज लुकला कुठली लाल लिपस्टिक घ्यावी?

नाटक असो, थीम पार्टी असो की फोटोशूट, जुन्या काळाचा कॉस्च्युम तयार झाला की मला हमखास विचारतात, "व्हिंटेज लुक करायचाय, लाल लिपस्टिकची कुठली शेड घेऊ?" मी आधी उलट विचारते, साल कुठलं? 1926, 1943 आणि 1966 मधल्या तीन बायका शेजारी उभ्या केल्या तर एकीला दुसरी जुनाट वाटेल नाहीतर आगाऊ तरी, आणि आपण मात्र तिघींना एकच लाल ओठ आणि एकच टोकदार आयलायनर लावून मोकळे होतो.

तर लिपस्टिक सगळ्यात शेवटी. सुरुवात भुवयांपासून करा. काळ चेहऱ्यावर कुठे दिसत असेल तर तिथेच. 1920च्या दशकात त्या बारीक, लांब आणि डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली झुकलेल्या, म्हणून तेव्हाच्या सगळ्या बायका जरा रडवेल्या दिसतात. 30च्या दशकात अजून बारीक पण उंच गोल कमान. 40च्या दशकात परत थोडं अंग धरतात आणि 50च्या दशकात चांगल्या भरदार, टोकदार कोन असलेल्या. आत्ताच्या जाड, वर विंचरलेल्या भुवया तशाच ठेवून तुम्ही कितीही छान फ्लॅपर ड्रेस (1920च्या दशकातला सैलसर, कंबर खाली उतरलेला फ्रॉक) घाला, बघणाऱ्याला कळत नाही नक्की काय चुकतंय पण काहीतरी चुकतंय हे लगेच कळतं.

आणि प्लीज, एका संध्याकाळसाठी भुवया उपटू नका, वारंवार उपटलेले केस कधीकधी परत येतच नाहीत. त्या झाकता येतात. साधी, पाण्याने धुतली जाणारी, बिनविषारी ग्लू स्टिक घ्यायची, केसांवर उलटसुलट फिरवून जुन्या ब्रशने केस वरच्या दिशेला चपटे बसवायचे, पूर्ण वाळू द्यायचं, परत एक थर, परत वाळू द्यायचं, मग पावडर. केस काळे असतील तर त्यावर थेट कन्सीलर लावलं की राखाडी पट्टा दिसतो, म्हणून आधी नारिंगी करेक्टर, मग कन्सीलर, परत पावडर. त्यावर पेन्सिलने हवी ती भुवई काढा. वेळखाऊ आहे, घाई केलीत तर पापुद्रे निघतात. एक दिवस आधी ट्रायल घ्या, आणि काढताना कोमट पाण्याने भिजवून काढा, ओढू नका.

दुसरी गोष्ट त्वचा. मॅक्स फॅक्टर या ब्रँडचं पॅन-केक नावाचं फाउंडेशन 1938 मध्ये बाजारात आलं, ओल्या स्पंजने लावायचं, आणि दिसायचं एकदम मॅट. गालाच्या हाडावर चकाकणारं हायलायटर, कॉन्टूरच्या रेषा, शिमर हे सगळं बाजूला ठेवा. 20च्या दशकासाठी रूज, म्हणजे गालांची लाली, गालाच्या फुगीर भागावर गोल, त्याला कानाकडे ओढू नका. जुन्या स्टुडिओ फोटोंतली काचेसारखी त्वचा बघून निराश होणाऱ्यांसाठी सांगते, ती बऱ्याचदा मेकअपची नाही, निगेटिव्हवर पेन्सिल घेऊन बसलेल्या रिटचरची कमाल आहे.

फोटोंवरून आठवलं. मूकपटांच्या काळातले काळेकुट्ट ओठ बघून लोक काळपट मरून लिपस्टिक घेऊन येतात. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही, त्यामुळे लाल ओठ फोटोत काळे यायचे, 1920च्या दशकाच्या शेवटी लाल रंगही टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली तेव्हा कुठे ते बदललं. म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट फोटोवरून आकार उचला, रंग उचलू नका. गडद शेड त्या काळातही होत्याच, पण आधार म्हणून फोटो दाखवू नका एवढंच.

डोळ्यांचं थोडक्यात. 20च्या दशकात काजळ चहूबाजूंनी पसरवलेलं, 1922 मध्ये तुतनखामेनची कबर सापडल्यावर इजिप्तचं जे वेड आलं त्याचाही त्यात हात होता. 40च्या दशकात डोळे बऱ्यापैकी साधे, मस्कारा आणि हलकी आयशॅडो, झालं. ते टोकदार लायनर खरं 50च्या दशकाचं. मस्काराही तेव्हा वडीचा असायचा, ओला ब्रश घासून लावायचा, म्हणून पापण्या जरा चिकटलेल्या दिसल्या तर बिघडत नाही, हल्लीच्या पंख्यासारख्या खोट्या पापण्या मात्र नकोत. 1966 हवं असेल तर उलट, ब्रिटिश मॉडेल ट्विगीसारखे खालच्या पापणीचे केस चक्क त्वचेवर रेखाटायचे आणि ओठ फिके.

या फिक्या ओठांबद्दल सावळ्या मुली नेहमी विचारतात. फोटोतला गुलाबीसर पांढरा रंग जसाच्या तसा लावला तर आजारी दिसतं. मुद्दा डोळे आणि ओठ यांच्यातल्या फरकाचा आहे, त्यामुळे स्वतःच्या ओठांपेक्षा एक-दोन छटा फिकी तपकिरी लावा, लुक बरोबर बसतो.

मेहनतीने त्या काळातली मेकअपची जुनी, खरीखुरी डबी शोधून आणणारेही भेटतात. शोकेसमध्ये ठेवा, चेहऱ्यावर नको. 1930च्या दशकात अमेरिकेत लॅश ल्युर नावाच्या पापण्यांच्या रंगाने बायकांचे डोळे गेले होते, त्यानंतर 1938 मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली आली.

आता लिपस्टिक. शेडपेक्षा आकार बघा. 20च्या दशकासाठी ओठांचे कोपरे कन्सीलरने झाकून मधेच छोटं धनुष्य काढा. 40च्या दशकासाठी वरचा ओठ थोडा बाहेरून, गोलसर आणि कोपऱ्यापर्यंत भरलेला. लिक्विड मॅट नको, क्रीमी घ्या, टिश्यूने टिपा, वर पावडर, परत एक हात. लाल रंग घरात आहे तोच चालेल, फक्त चमकी नको. नेलपेंट लावणार असाल तर 30च्या दशकासाठी नखाच्या मुळाशी असलेली चंद्रकोर कोरी सोडा.